माकडावर कलम लागत नाही

१ जानेवारी २०२५, दुपार

आजपासून रोज लिहिणार. संकल्प तीन. पहाटे उठणे. राग आवरणे. आम्रपालीला जिंकणे. पहिला उद्यापासून.

आम्रपाली कात्रजच्या प्राणिसंग्रहालयासमोरच्या पोलीस चौकीत शिपाई आहे. परवा, म्हणजे ३० डिसेंबरला, गेटवरच्या गर्दीत माझा मोबाईल मारला गेला. तक्रार तिनं लिहून घेतली. पूर्ण नाव, वय, पत्ता, शिक्षण, अंगावर काय कपडे होते. इतक्या आस्थेनं आजवर माझी कुणी चौकशी केलेली नाही. आईनंसुद्धा नाही. शिक्षण सांगताना म्हणालो, इंजिनिअरिंग, पण तिसऱ्या सेमिस्टरला मी कॉलेज सोडलं. (कॉलेजचं म्हणणं उलट आहे. एचओडींची कॉलर मी धरली की त्यांनीच माझ्या हातात दिली, यावर मतभेद आहेत.) तिनं लिहिलं, 'बारावी'. किती मोजकं लिहिते!

शुभेच्छा द्यायला धायरीहून गाडी मारत गेलो. बुधवार निघाला. बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद, त्यामुळे तीही रजेवर. चौकीत हवालदार तात्याराव एकटेच शेंगा खात बसले होते. म्हणाले, मोबाईल सापडला की फोन करू. मी म्हणालो, फोनच नाहीये. म्हणाले, "मग काय, निवांत."

१० जानेवारी

दर जानेवारीत पोलीस वर्षाचा हिशेब मांडतात. काय वाढलं, काय घटलं, किती उघडकीस आलं. मोठ्या साहेबांचे आकडे पेपरात येतात, आमच्या चौकीचे फळ्यावर. गेल्या वर्षी फळ्यावर चोऱ्या वाढल्या. वर्षातली शेवटची चोरी माझीच. तात्याराव म्हणाले, "दोन दिवस दम धरला असता तर बरोबरीत सुटलो असतो. तुला नेमका तोच मुहूर्त सापडला." त्यावरून चौकीचे साहेब आम्रपालीला बोलले म्हणे. म्हणजे माझ्यामुळे तिला त्रास झाला. म्हणजे आमच्यात काहीतरी आहे.

ठरलं. या वर्षी तिच्या फळ्यावरचा आकडा मी खाली आणणार. एकटा.

९ फेब्रुवारी, रविवार

गस्तीचा पहिला दिवस. तिकीट खिडकीपाशी एक जण रडणाऱ्या पोराला बखोट धरून ओढत होता. अपहरण! धावलो, मानगूट पकडली. बाप निघाला. पोराला हत्ती परत बघायचा होता, एवढंच. भोरहून टेम्पो भरून भावकी आली होती. राग आवरायचा संकल्प मी पाळला. भावकीनं असा काही संकल्प केलेला नव्हता.

आम्रपालीनं मध्ये पडून सोडवलं. म्हणाली, "दादा, तुम्ही घरी जा बरं." दादा हा खात्याचा शब्द आहे, ड्यूटीवर सगळ्यांना म्हणावाच लागतो. 'बरं' मात्र खात्याचा नाही.

१४ फेब्रुवारी

चौकीतल्या बाकाखाली गुपचूप भेट ठेवली. कागदात गुंडाळलेला डबा, वर नाव नाही. ओळखेलच. आत चॉकलेटं आणि गजराचं घड्याळ.

दुपारी गेट बंद. शाळांच्या सहली रस्त्यावर. श्वानपथक. घड्याळाची टिकटिक जरा जास्तच होती. कुत्र्यानं डबा हुंगला, चॉकलेटं हुंगली आणि तोंड फिरवलं. गेटवरची शेंगावाली माझ्याकडे बघत म्हणाली, हलकी दिसतात. साहेबांनी सगळ्यांदेखत आम्रपालीला झापलं, बुडाखालची वस्तू दिसत नाही, दरोडेखोर काय दिसणार! तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

भेट पोचली.

१४ एप्रिल

जयंतीला तिच्या वस्तीत गेलो. निळा फेटा बांधून. मिरवणुकीत तिनं मला पाहिलं आणि दुसऱ्या बाजूला गेली. घरच्यांसमोर लाजते. वडील रिटायर्ड पोस्टमास्तर. त्यांनी सरबत दिलं आणि विचारलं, काय शिकता आपण? मी म्हणालो, सध्या आयुष्याकडून शिकतोय. म्हणाले, "छान. तिथं तरी हजेरी लावता ना?"

त्यांना मी आवडलो. आपण म्हणाले.

१८ मे

सुट्टीची गर्दी. आज एक पाकीटमार पकडला. तो पोलीस निघाला, साध्या वेशातला. खरा पाकीटमार तेवढ्यात पळाला. फळ्यावर एक वाढला. तो यात धरू नये असं मी तात्यारावांना सुचवलं. त्यांनी शेंगेचं टरफल माझ्याकडे फेकलं.

अप्पा म्हणतात गिरणीत बस. धायरीत आमची पिठाची गिरणी आहे. म्हणाले, "नाव समर्थ ठेवलं, तिथंच फसलो. निदान गव्हाचं पोतं तरी उचल." शहराची सुरक्षा कुणी बघायची, हे ते सांगत नाहीत.

२९ ऑगस्ट

मोठा दिवस! गणपतीच्या बंदोबस्ताला मंडळांच्या पोरांना 'पोलीस मित्र' करतात. गळ्यात अडकवायचं कार्ड आणि शिट्टी. कार्ड आम्रपालीनं स्वतःच्या हातानं दिलं. तसं सगळ्यांनाच तिनं दिलं. पण माझं देताना म्हणाली, "दादा, विसर्जनानंतर परत आणून द्यायचं. तुम्हाला वेगळं सांगतेय." वेगळं!

खाकी पँट शिवायला टाकली. मिशी वाढवतोय.

८ सप्टेंबर

विसर्जन झालं. कार्ड परत देण्याचा विचार केला. पण गुन्हेगारी काय अनंत चतुर्दशीला विसर्जित होते का?

६ ऑक्टोबर

आज कळलं, सगळं कळलं. खिडकीबाहेर उभा होतो. आम्रपाली तात्यारावांना सांगत होती की तिनं मुख्यालयात बदली मागितलीये. तिथं ड्यूटी ठराविक वेळेची, फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करता येईल. पण साहेब म्हणतात, वर्षाअखेर चोऱ्या गेल्या वर्षीपेक्षा कमी दिसल्या तरच शिफारस. दिवाळीची गर्दी तोंडावर, आकडा आत्ताच गेल्या ऑक्टोबरच्या बरोबरीला आलेला. म्हणाली, "एक वर्ष गेलंच, अजून एक गेलं तर वयात बसणार नाही मी."

ठराविक वेळेची ड्यूटी. म्हणजे संध्याकाळी मोकळी. कुणासाठी, हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

आता नीट विचार केला. चोर थांबवणं आपल्या हातात नाही, आठ महिने करून पाहिलं. पण फळ्यावर चोरी चढत नाही, तक्रार चढते.

२६ ऑक्टोबर, रविवार

पद्धत बसलीये. चौकीच्या अलीकडे, बसथांब्यापाशी उभा राहतो. खाकी पँट, कार्ड, शिट्टी. रडवेला पर्यटक दिसला की आधी मीच गाठतो. मोबाईल गेला? चोरीला नाही हो, पडला असेल. पर्स गेली? हॉटेलात विसरला असाल. अर्ज मीच लिहून घेतो, चौकशी करतो म्हणतो, बसमध्ये बसवून देतो. लोक आभार मानतात.

आजची केस अवघड होती. गोदाबाई नावाच्या आजी, वर्ध्याकडच्या. जावयाकडे कोथरूडला आलेल्या, एकट्याच नातवाला प्राणी दाखवायला. गळ्यातली सोन्याची पोत हिसकावून दुचाकीवरचा पळाला. मानेवर रक्त. म्हणे, "माह्या हातानं कापूस येचून केली होती बापू." हे ऐकताना चौकीचं दार पंचवीस पावलांवर. आम्रपाली आत.

मी म्हणालो, आजी, दुचाकी नव्हती ती. माकड होतं. म्हणाल्या, "माकड गाडी चालवते काय?" मी म्हणालो, पुण्यात आहात आजी. तुम्ही घाबरलात म्हणून गाडी वाटली. माकडं पिंजऱ्यातून सुटतात, सोन्यावर झडप घालतात. आणि माकडावर कलम लागत नाही. नातू म्हणाला, आजी, गाडीच होती. त्याच्यावर शिट्टी मारली. पोलीस सांगतोय म्हणल्यावर आजींनी मान डोलावली. अर्जावर अंगठा दिला. जाताना विचारलं, "माकड सापडन ना साहेब?" मी म्हणालो, पथक सोडलंय.

साहेब म्हणाल्या! एकूण छान दिवस.

९ नोव्हेंबर

आकडा गेल्या नोव्हेंबरपेक्षा खाली! दिवाळीच्या सुट्टीत फळ्यावर एकही नवी चोरी नाही. साहेबांनी पेढे वाटले. आम्रपाली हसली. मी काचेतून पाहिलं. तात्याराव मात्र टक लावून फळ्याकडे बघत होते. म्हणाले, दिवाळीत कात्रजला चोरी नाही, म्हणजे एक तर रामराज्य आलं, नाहीतर काहीतरी मोठा घोटाळा झाला.

३१ डिसेंबरला तिला सगळं सांगणार. अंगठीचं माप कसं काढायचं?

१८ नोव्हेंबर

खळबळ. गोदाबाईंच्या जावयानं थेट प्राणिसंग्रहालयाच्या ऑफिसात फोन केला की सुटलेलं माकड सापडलं का. ते म्हणाले, आमचं एकही माकड सुटलेलं नाही, आणि एकालाही सोन्याची आवड नाही. तिथून प्रकरण साहेबांकडे. परिसरात एक तोतया पोलीस फिरतो आणि फिर्यादींना परस्पर वाटेला लावतो! आम्रपालीचा चेहरा पांढरा पडला होता. तपास तिच्याकडे दिलाय. साहेब म्हणाले, सापडला तर तरशील, नाहीतर बदलीचं नाव काढू नकोस.

तात्यारावांनी वर्णन वाचून दाखवलं. वय बावीसच्या आसपास, अंगानं किरकोळ, खाकी पँट, गळ्यात कार्ड, मिशी ठेवण्याचा प्रयत्न केलेला. वाचून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

असा माणूस माझ्या हद्दीत फिरतो आणि मला दिसत नाही? रक्त उसळलं. आम्रपालीसाठी त्याला मीच पकडणार.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

चार दिवस झाले, हरामखोर सापडत नाही. मी बसथांब्यापाशी असलो की तो येतच नाही. मला घाबरतो. कॉलर धरून तिच्यापुढे उभा केला असता. ती काय म्हणेल, हे आरशात म्हणून पाहिलं. मिशी दाट वाटते आता.

तोच दिवस, संध्याकाळ (कोठडीतल्या कागदावर, नंतर उतरवलं)

बसथांब्यावर गोदाबाई दिसल्या. जावई बरोबर. ओळख दाखवायला मीच पुढे झालो. म्हणालो, आजी, त्या तोतयाला शोधतोय, काळजी करू नका. आजींनी बोट दाखवलं. "ह्योच तो. पोलीस हाय म्हणे, म्हून ऐकलं मी याचं. त्याच टायमाले सांगतलं असतं तं चोर सापडला असता ना रे." झाडामागून आम्रपाली बाहेर आली.

म्हणाली, "दादा, हात पुढे करा."

आणि तिनं माझा हात धरला. पहिल्यांदा. मनगटापाशी, घट्ट. तळहात थोडा खरखरीत आहे. ज्या रस्त्यावर गुन्हा केला त्याच रस्त्यावरून आरोपीला चालवत नेतात आता, ही पुण्याची नवी रीत. बसथांबा, तिकीट खिडकी, आईस्क्रीमच्या गाड्या, पुन्हा बसथांबा. ती सगळा वेळ माझ्याबरोबर. लोक शूटिंग करत होते. शेंगावाली म्हणाली, "अगं बाई, घड्याळवाला!" एक बाप पोराला म्हणाला, बघ, माकड सुटलं होतं ना, ते हे.

आम्रपालीला विचारलं, थोडं हळू चालूया का? म्हणाली, "तुमच्यामुळे गेली ती म्हातारीची पोत. समजतंय का काही?" पहिल्यांदाच 'दादा' म्हणाली नाही.

३० नोव्हेंबर

जामीन झाला. अप्पा जामीन राहिले. गिरणीतून उठून आले, अंगावर पीठ तसंच. घरी आल्यावर आईला म्हणाले, "बारावी तरी खरी आहे का याची, बघून ठेव."

मी परत पाठवलेले सगळे पर्यटक पोलिसांनी माझ्याकडचे अर्ज बघून, फोन करकरून बोलावले. त्यांच्या तक्रारी आता एकदम चढल्या. आकडा गेल्या वर्षीच्या बराच वर. वर माझा एक वेगळा, तोतयेगिरीच्या रकान्यात. हा रकाना आजवर कोरा होता. तात्याराव म्हणाले, "फिर्यादी पण तूच, आरोपी पण तूच. गेलं वर्ष तूच मिटवलंस, हेही तूच. आम्ही नुसते खडू झिजवले."

गोदाबाईंची पोत सापडली नाही. महिना उलटून गेला, सोनं वितळलं असणार, असं तात्याराव म्हणाले. एवढ्याशा पोतीचं लोक किती धरून बसतात!

३ जानेवारी २०२६

पेपरात वर्षाचे आकडे. आमच्या चौकीचं नाव नाही, पण आतल्या पानावर छोटा फोटो. तोतया पोलिसाला शिताफीनं पकडणाऱ्या महिला शिपायाला साहेबांच्या हस्ते प्रशस्तिपत्रक. फोटोत ती हसतेय. बातमीत माझं नाव नाही, 'एक बेरोजगार तरुण' असं आहे. पत्रकाराला तिनं सांगितलं, आरोपी पूर्वी तक्रारदार म्हणून आला होता, बाकी ओळख नाही. तपासाचा भाग. असं सांगावंच लागतं.

कात्रीनं फोटो कापला. मिशीही.

कोर्टानं नव्या वर्षापासून दर आठवड्याला चौकीत हजेरी लावायला सांगितलंय. म्हणजे दर आठवड्याला भेट! सरकारी खर्चानं! बुधवारपासून सुरू. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

७ जानेवारी, बुधवार

प्राणिसंग्रहालय बंद. चौकीत तात्याराव एकटे. ती कुठंय विचारलं. म्हणाले, मुख्यालयात. सोमवारीच रुजू झाली. आकड्यावर बदली होणारच नव्हती, प्रशस्तिपत्रकावर झाली. म्हणजे मीच पाठवली की तिला.

मी विचारलं, बुधवारच का दिला? म्हणाले, तिनंच जाण्याआधी सांगून ठेवलं होतं. पर्यटकांना त्रास नको.

सही केली. तात्यारावांनी शेंगांची पिशवी माझ्या बाजूनं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.