फरशी न आल्यामुळे उरलेले चार इंच

मी, भैय्याजी वामनराव गजभिये, वय ५६, धंदा वेल्डिंग (स्वतःच शिकलेला), राहणार इंदोरा, नागपूर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाविना व चष्मा लावून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो.

१. घर पत्नी भावना हिचे. तिच्यानंतर मुलगा पियुष व मुलगी मोनाली यांना निम्मे-निम्मे.

२. वेल्डिंग मशीन व ग्राइंडर पियुषला. डोळ्यांना चष्मा न लावता ग्राइंडर चालवल्यास हक्क रद्द.

३. अंगण व त्यातला बास्केटबॉलचा खांब मोनालीचा. पियुषने तिथे गाडी उभी करण्याचा विचार सोडावा. मोनाली या खांबाखाली शिकली, तेरा वर्षे रेल्वेच्या संघात खेळली, दोन हंगाम थायलंडच्या क्लबात पगारावर खेळून आली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आता ती इथे वस्तीतल्या मुलींना शिकवणार आहे.

४. अट : रिंगच्या उंचीला हात लावू नये. नियमाने रिंग जमिनीपासून दहा फूट. मी ती दहा फूट चार इंचांवर लावली, कारण अंगणात चार इंचांची फरशी येणार होती. फरशीचे पैसे मोनालीच्या बुटांत गेले, यात माझ्या मापाचा दोष नाही. पहिल्या जिल्हा सामन्यात तिचे सगळे चेंडू रिंगवरून गेले, तेव्हा मैदानाची रिंग खाली आहे अशी मी लेखी तक्रार केली. पंच रुपराव यांनी सर्वांसमोर टेप लावला व म्हणाले, "भैय्याजी, तू वेल्डिंगच कर गा." त्यांना मी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला बोलावू नये. आलेच तर जेवू घालावे, पण भाजी दुसऱ्यांदा विचारू नये.

५. हा मसुदा वाचून मोनाली म्हणाली, "बाबा, ती सवय मोडायले मले एक वर्ष लागलं. या पोरींचं वर्ष काहून वाया घालवता?"

मी म्हणालो, "मग फरशी बसवून देतो."

"फरशीवर पडून माझ्यासारखे गुडघे फोडतील त्या!"

भावना आतून म्हणाली, "पोरीनं चार इंचासाठी तुमच्या मरणाची वाट पाहावी काय?"

यावर मी दोन दिवस विचार केला. सबब कलम ४ मधील अट खोडली आहे. वाचता येईल अशीच खोडली आहे, माझी बाजू नोंदीत राहावी. रिंग आज सकाळी मी स्वतः कापून बरोबर दहा फुटांवर वेल्ड केली. मुलींनी उद्यापासून यावे.

६. चूक माझी होती. हे कलम माझ्यामागे पियुषने मोठ्याने वाचू नये.

सही : भै. वा. गजभिये (खाडाखोडीवरही)

आमच्यासमोर सही झाली :
१. धम्मदीप खोब्रागडे, शेजारी
२. मयुरा रामटेके, शिक्षिका

नागपूर, दि. ९ मार्च २०२५