बंद हाये का?

१६ जून २००५
लाइट गेलेली असताना शेजारच्या गोजरबाईंच्या घरात दिवा कसा लागतो? मी बी.एस्सी., आमच्या घरातली पहिली पदवीधर. पण याचं उत्तर मला देता येत नाही.
बाकी सगळं छान. आज पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत शिक्षणसेविका म्हणून रुजू झाले. रामरावांनी गावाबाहेरच्या वस्तीवर, त्यांच्या घरातली ओसरीलगतची खोली भाड्याने दिली. वस्तीवर दोनच घरं, त्यांचं आणि गोजरबाईंचं. दोघांना मिळून विजेचा शेवटचा खांब. वारं सुटलं की खांबावरची जोडतार निसटते आणि या दोन घरांचीच लाइट जाते. रामरावांकडे इन्व्हर्टर आहे, त्यामुळे माझं वह्या तपासणं अडणार नाही. गोजरबाईंकडे नाही. तरी आज त्यांच्या अंधाऱ्या घरात दिवा होता. म्हणाल्या, "मालक लावून राह्यले, म्याडम." त्यांचे मालक कचरू मागच्या वर्षी त्याच खांबावर शॉक लागून गेले.

२१ जून
कचरूंचा धाकटा भाऊ मच्छिंद्र भेटला. कचरू झिरो वायरमन होते. म्हणजे पगार लाइनमनला, खांबावर चढायचे कचरू, आणि नोंद कुठेच नाही. आता तेच काम मच्छिंद्र करतो. तारेला हात लावण्याआधी कचरू वरून विचारायचे, "बंद हाये का?" त्या दिवशीही विचारलं होतं. इथल्या ओट्यावरून कुणीतरी बंद हाये म्हणालं. मच्छिंद्र हसत म्हणाला, झिरो मेला तर गिनतीत कमी काय होतं?


२६ जून, रविवार
दुपारी वारं, लाइट गेली. रामरावांच्या पत्नी दुर्गाबाईंनी दोन्ही टोकांना पिना असलेली वायर आणली. एक टोक इन्व्हर्टरला, दुसरं भिंतीतल्या प्लगमध्ये. घर उजळलं. मी विचारलं, आधी मेन स्विच पाडला का? मेन देवघरात आहे. आंघोळ केल्याशिवाय तिथे कुणी जात नाही, म्हणून तो कधी पाडतच नाहीत.
मी इन्व्हर्टर बंद केला. समोर गोजरबाईंचा दिवा विझला. चालू केला, लागला. म्हणजे गावाकडून लाइन बंद केली तरी या घरातली वीज उलट्या वाटेने मीटरमधून खांबावर जाते आणि तिथून त्यांच्याकडे. गोजरबाई दारात येऊन विचारत होत्या, कुणी विझवला?

२७ जून
रामरावांना सांगितलं, चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे इन्व्हर्टरची वीज घराबाहेर जाणार नाही, तासाभराचं काम आहे. ते सुपारी कातरत राहिले. "म्याडम, झिरो होता तो. कागदावर त्याचं नावच न्हाई, मंग मेलं कोण?"
दुर्गाबाई तांदूळ निवडता निवडता बोलून गेल्या, त्या दिवशीही पिना त्यांनीच खोचल्या होत्या. मालिका चालू होती. आणि ओट्यावर होते रामराव. यांना माहीत होतं! वर्षभर माहीत होतं, आणि तीच वायर अजून खुंटीला लटकते आहे.


३० जून
भर दुपारी लाइट गेली. खांबावर कुणी नव्हतं. वरून आवाज आला, बंद हाये का?
सगळ्यांनी ऐकला. रामरावांनी टीव्ही मोठा केला.

२ जुलै
पुन्हा. आता भिंतीतल्या प्लगमधून. तीनदा.
काय उत्तर देऊ—
उद्या जोडतार बसवायला मच्छिंद्र चढणार. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, न्हाई चढलो तर दुसऱ्याला चढवतील. मला पाळी आली आहे. दुर्गाबाईंनी बजावलंय, ओसरीच्या आत पाय टाकायचा नाही.

३ जुलै, सकाळ
मच्छिंद्र दोर घेऊन खांबाकडे निघाला. आत टीव्ही चालू—

गेले. पाळीतच, देवघरात. मेन पाडला. इन्व्हर्टर बंद केला. वायर उपटून पकडीने तोडली. दुर्गाबाई ओरडतायत, देव बाटवले. बाटू देत. माणूस मारून बाटले नव्हते का?

मच्छिंद्र वर पोचला. विचारतोय, बंद हाये का. मी ओसरीतून ओरडले, बंद आहे!

पुन्हा विचारलं. मच्छिंद्र नाही. त्याचे ओठ मिटलेले. त्याच्या खालून, खांबावरूनच—

वायरचे दोन्ही तुकडे माझ्या मांडीवर आहेत. मीच तोडलेत. वर जोडतार अजून सुटलेलीच आहे. तरी गोजरबाईंच्या घरात दिव्याचा उजेड—