उभ्या हेलिकॉप्टरचे सुटे भाग

सांगली, ४ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

इतके दिवस लिहिलं नाही, माफ कर. रागात लिहायचं नव्हतं, पण राग ओसरलाच नाही.

खंडेनवमीला रहिमतपुरात फौजेतल्या पाना-पकडीला झेंडू वाहताना तू म्हणालास, "टेहळणीच्या हेलिकॉप्टरला नवे सुटे भाग कुठनं येणार? उभ्याचं काढायचं, उडत्याला लावायचं. जलमभर त्येच केलं." सगळे हसले.

माझा ऋषिराज, तुझा सख्खा भाचा, तेच हेलिकॉप्टर उडवतो. त्यानं ते निवडलं तेव्हा तू मला सांगितलंस, "मशीन एक नंबर हाय. बिनघोर ऱ्हा."

तुझ्या त्या हिकमतीमुळेच बर्फातले जखमी जवान खाली आले, हे मला कळतं. मग माझ्याशीच खोटं का बोललास?

तुझी,
उज्ज्वला

(डायरीत) उद्या: ऋषिराजला फोन करून विचारायचं, त्यालाही हे ठाऊक होतं का.