उजव्या भुवईवरचा व्रण

हॅम्बुर्ग, नोव्हेंबर १९३३

प्रिय आल्विन,

तुझं पत्र माशांच्या टोपलीतून सुखरूप पोचलं. कोपनहेगनात बूट वाळत नाहीत म्हणून कुरकुरतोयस, म्हणजे तब्येत ठीक आहे. तिथल्या छापखान्यासाठी तुझ्या चित्राचा लाकडी ठसा मागितलायस. त्याचंच लिहायला बसलेय, पण हात चालत नाही.

तू पुकारलेल्या गोदीच्या संपाच्या आदल्या दिवशीची माझी चूक आठवते ना? पंधरा वर्षं लाकूड कोरणारी बाई मी, आणि घाईत तुला समोर बसवून चेहरा उलटा कोरायचा सोडून दिसला तसाच फळीवर काढला. छापल्यावर डाव्या भुवईवरचा व्रण उजवीकडे गेला. शिकाऊ पोरसुद्धा असं करत नाही. मी फळी जाळायला निघाले, तर तू म्हणालास, "राहू दे गं, माझ्या भुवया कोण तपासतंय?" मग ते चित्र गोदी कामगारांच्या घराघरांत लागलं. फोटो तू कधी काढू दिला नाहीस, त्यामुळे लोकांना तुझा चेहरा ठाऊक होता तो तेवढाच.

मार्चमध्ये तुला शोधणाऱ्या पोलिसांनीही तेच चित्र कुणाच्या तरी भिंतीवरून उतरवलं. तू माझ्या बहिणीच्या माळ्यावर होतास, बोट गुरुवारी सुटणार होती. सोमवारी त्यांनी पाववाल्या ब्रूनो टेसमरला धरलं. व्रण उजव्या भुवईवर, नाकही तसंच. ओळख पटवायला मला बोलावलं. अधिकारी म्हणाला, "चित्र तुमचंच ना बाई? मग सांगा, हाच का तो?" रोज सकाळी माझ्या दारात पाव ठेवणारा ब्रूनो माझ्याकडे बघत होता. चित्र उलटं छापलंय एवढंच म्हटलं असतं, तर तो सुटला असता आणि ते पुन्हा तुझ्या मागे लागले असते. मी म्हणाले, "सांगता येत नाही, फार वर्षं झाली." गुरुवारी तू गेलास. शनिवारी तो कोठडीत मेला. शवपेटी त्यांनी खिळे ठोकूनच घरी दिली.

काल त्याची बायको एल्फ्रीडे आली. तिच्याकडे फक्त लग्नातला फोटो आहे, अपघाताच्या आधीचा, व्रण नसलेला. म्हणाली, "पोलीस म्हणत होते, तुमचं चित्र हुबेहूब त्याच्यासारखं आहे. मला एक द्याल का हो छापून?" खालचं तुझं नाव झाकून मी एक प्रत काढली. शाई वाळायची वाटसुद्धा न बघता तिने ती छातीशी धरली आणि वर माझेच आभार मानले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठसा तुला मिळणार नाही, आल्विन. तो आता तिच्या नवऱ्याचा चेहरा आहे. उद्या रविवार. ती चर्चमधून परतली की जाऊन सगळं सांगणार आहे, तू कुठे होतास आणि मी का गप्प बसले तेही. ती पोलिसांकडे गेली तर मी तिला बोल लावणार नाही. बहिणीला आजच गावाबाहेर धाडलंय. तू मला अडवशील, म्हणून हे पत्र सोमवारी निघणाऱ्या मासेवाल्याकडे देऊन ठेवतेय. या पत्त्यावर आता लिहू नकोस. तू जगलास याचा मला अजूनही आनंद होतो रे, आणि तेवढं मात्र मी तिला सांगू शकणार नाही.

तुझीच,
गेर्डा