अर्धा कप झाला की

प्रिय बाबा,

आज रविवार. चारचा चहा घेऊन बसलेय आणि समोर भांडायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुमची नात मनू शिकायला वेलिंग्टनला गेली. टाकानिनीच्या या नव्या घरात आता फ्रीजचाच काय तो आवाज.

तुम्ही सहा महिने राहायला आलात तेव्हा कसं होतं? मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून कोपऱ्यावरच्या दुकानात, इथल्या भाषेत डेअरीत, जायचात, 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करून दूध आणायचात. मनूला लाज वाटायची, तुम्हाला कसली वाटतेय!

रिटायर झाला होतात, विद्यार्थी उरले नव्हते, मग मला धरलंत. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात राजांना शहाणपण शिकवणारे तुमचे ते लाडके पंडित. एक भला पाद्री म्हणायचा, अन्याय केल्याशिवाय गादी टिकत नसेल तर गादी सोड. दुसरा, नोकरी गेलेला मुत्सद्दी. तो म्हणायचा, सगळी दुनिया भली नसते, सदा भलं वागणारा राजा स्वतः बुडतो आणि राज्यही बुडवतो. दर रविवारी चारच्या चहाला एकाची बाजू तुम्ही घ्यायचात, दुसऱ्याची मी. आणि अर्धा कप झाला की बाजू बदलायची, हा नियम तुमचा. म्हणायचात,

"दुसऱ्याच्या तोंडाने बोलल्याशिवाय आपलं डोकं कळत नाही, मुक्ते."

आता ऐका. आमच्या टीममधल्या चौघांना काढायचं ठरलंय. वरून मला ताकीद आहे, प्रोजेक्ट संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. लोक सैरभैर झाले तर काम बुडेल, मग उरलेल्यांच्याही नोकऱ्या जातील. खोटं नाही ते. त्या चौघांत सियोने आहे. पापाकुराला घर घेतोय, उद्या कर्जाच्या कागदांवर सही करणार. शुक्रवारी विचारत होता, "सगळं ठीक आहे ना, बॉस? सही करू?" मी म्हटलं, सोमवारी सकाळी बोलू.

दोन दिवस मी त्या मुत्सद्द्याच्या बाजूने भांडतेय. एकटीच. आणि जिंकतेय, बाबा. समोर कोणी नसलं की जिंकणं फार सोपं असतं.

पण मग तुमचा तो शेवटचा व्हिडिओ कॉल आठवतो. गळ्यापर्यंत स्वेटर, आणि "साधा खोकला आहे गं." डॉक्टरांनी तर सगळं सांगितलं होतं तुम्हाला. शेजारच्या काकूंना शपथ घातलीत, मुक्ताला कळवू नका, ती सगळं टाकून धावत येईल. आले असते! त्यासाठीच तर असते ना मुलगी? मी पोचले तेव्हा तुम्ही नव्हतात, घरात फक्त समई होती.

माझ्या भल्यासाठीच केलंत, माहीत आहे. पण मला प्रजा समजलात का? एरवी दर रविवारी बाजू बदलायचात, मग त्या वेळीच का नाही बदललीत? याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही असतात तर आत्ता कपात डोकावून पाहिलं असतंत. अर्धा झालाय.

उद्या सियोने बँकेत जायच्या आत मी त्याला सांगेन, थांब, सही करू नकोस. माझी खुर्ची गेली तर जाऊ दे. तुम्ही मला जसं अंधारात ठेवलंत, तसं मी त्याला ठेवणार नाही. हा शब्द.

तुमची,
मुक्ता