बाल्कनीतला हात

४ जून
आज डेपोत शिट्टीवाल्या दादांनी माझी चांगलीच फजिती केली! तेही माझ्याच मार्गावर बस चालवतात. म्हणे, "ताई, तुमची लेक मलाही हात करते हो. वर पापासुद्धा पाठवते!" सगळे ड्रायव्हर खो-खो हसले. आणि मी वर्षभर मिरवत होते — आमची मुंगी बाल्कनीतून आईची बस बरोब्बर ओळखते!

घरी आल्यावर मुंगीला विचारलं, तर म्हणते, "मला नुसतं लाल दिसतं. म्हणून सगळ्यांनाच करते. एक तरी तुझी असतेच ना!"

लगेच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

७ जून
मुंगीला चष्मा लागला. उणे सव्वा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूल वाढतं तसा डोळाही लांबट होत जातो, मग लांबचं धूसर दिसतं. नंबर भराभर वाढायला नको असेल तर रोज उजेडात, मोकळ्यावर खेळू दे. नुसत्या चष्म्याने भागणार नाही." हो हो म्हटलं. इमारतीच्या मागे मैदान आहेच की.

८ जून
आज तिला मी दिसले! मी! नुसता हात नाही, अख्खी पोरगी उड्या मारत होती. उगाचच हॉर्न वाजवला. प्रवासी वैतागले. वैतागू देत.

२ डिसेंबर
पावणेदोन! एवढ्यात अर्ध्याने वाढला. डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारलं, "खाली खेळतेस ना?"

"नाही. आईची बस चुकेल ना!"

शाळेतून आली की बाल्कनीत. पुस्तकात नाक खुपसून माझी वाट बघत बसायची. माझी बस जाईपर्यंत अंधारच पडतो. सासूबाई रोज म्हणायच्या, "खाली जा गं," पण ही ढिम्म. आणि मी वेडी, ती तिथे दिसली की खूश!

३ डिसेंबर
सांगून टाकलं — उद्यापासून बाल्कनीत थांबायचं नाही. म्हणाली, "तुला वाईट वाटेल." म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" रडली बिचारी. मग मीही, न्हाणीघरात.

४ डिसेंबर
थांबलीच होती. कठड्यामागे लपून! मी समोर बघत निघून गेले. जीव तुटला नुसता.

१९ डिसेंबर
आज पाळी बदलली, बस उजेडातच घरासमोरून गेली. बाल्कनी रिकामी. पुढच्या सिग्नलला थांबले, तर दोन इमारतींच्या फटीतून मैदान दिसलं. आणि मुंगी! चष्मा दोरीने बांधलेला, केस विस्कटलेले, चेंडूमागे पळत होती. बसकडे पाठ. आईबिई काही आठवत नव्हती.

हॉर्नवर हात गेला होता. काढून घेतला.