ऋषिराजचं दूध

३ फेब्रुवारी, सोमवार

गोऱ्हा झाला! थोरली गाय पहाटे व्याली. कालवडीच होतात म्हणतात ते भारीतलं सिमेन भरलं होतं. डॉक्टर छातीठोकपणे म्हणाला होता, "कालवडच होणार, लिहून घ्या." लिहून घेतलं नाही ते बरं झालं. मी एकदा शेपटीखाली बघितलं आणि तोंड धुवायला निघून गेलो. रेश्मा चीक काढत बसली.

संस्कृती मात्र अंगणात नाचत होती. "पप्पा, मुलगा झालाय, मुलगा!" मुलगा झाल्यावर एवढी पडलेली तोंडं पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा बघितली असतील.

काळा-पांढरा आहे. कपाळावर पांढरा ठिपका, बदामासारखा. दिसायला देखणा आहे हे खरं. पण देखणेपण डेअरीला घालता येत नाही.

५ फेब्रुवारी

गोऱ्ह्याचं नाव ठेवलं म्हणे — ऋषिराज! संस्कृतीच्या बाकावर ह्या नावाचा मुलगा बसतो. तो सारखा रडतो, हा पण सारखा रडतो, म्हणून. म्हटलं, अगं त्याच्या आईला कळलं तर ती आपल्या दारात येऊन भांडेल. तर म्हणाली, "मी त्याला विचारूनच ठेवलंय."

खूप दिवसांनी हसलो. रेश्मा म्हणाली, हसताना बरे दिसता, एरवी तुमच्यापेक्षा बैल बरा, त्याची शिंगं तरी दिसतात.

११ फेब्रुवारी

आज सापडलं. पोरीच्या कपातलं दूध रोज कुठं जातं ते.

गोऱ्ह्याला चीक पाजायचा, तो संपला की हात आखडायचा. वाटीभर दाखवायचं, बाकी दूध डेअरीला. कालवड असती तर वर्षा-दोन वर्षांत गाभण राहिली असती, तिला पोटभर पाजलं असतं. खोंड कशाला पोसायचा? शेतात ट्रॅक्टर आहे. विकत न्यायला कुणी येत नाही. आमच्या भागात सगळेच असं करतात. हे वाक्य लिहिलं आणि परत वाचलं. सगळेच करतात.

संस्कृती सकाळी कप घेऊन आत्याच्या खोलीकडं जाते. मला वाटायचं, आत्याजवळ बसून पिते. आज मागनं गेलो. तिची तान्हेपणीची बाटली तिनं माळ्यावरनं कुणाकडून तरी काढून घेतली होती. कपातलं सगळं दूध बाटलीत, आणि बाटली ऋषिराजच्या तोंडात. आत्या खाटेवरनं शिकवत होती, "आदी बोट चोखाय दे त्याला. मग हळूच बाटली सरकीव. मान वर नगं करू, ठसका लागंल."

भागूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नाही. मला तिनंच वाढवलं. दिवाळीत मोरीत पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गोठ्याला लागून असलेल्या खोलीत खाट आणि वॉकर. तिचं सगळं रेश्मा करते. मी दारातनं "बरं आहे का?" विचारतो आणि वास येतो म्हणून लगेच फिरतो. लिहायचंच तर हेही लिहिलं पाहिजे.

मी ओरडलो. पोरीवर. "तू काय पिणार मग?" तर म्हणाली, "मी चहा पिते ना आत्याआजीबरोबर."

१२ फेब्रुवारी

रेश्मा म्हणते, पोरीला लळा लागायच्या आत काय ते करा. लळा तर लागलाय!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

केलं.

पोरगी शाळेत गेल्यावर पिकअपमध्ये घातला. निमगाव केतकीपर्यंत मागं उभा राहून माझ्याकडंच बघत होता, आरशात दिसत होता. मग आरसा वळवला. इंदापूर ओलांडून हायवेला एका बंद ढाब्याच्या मागं मोकळं रान आहे. तिथं आधीच चार-पाच खोंडं उभी होती. म्हणजे जागा सगळ्यांना ठाऊक आहे, मीच उशिरा आलो.

तिथं गवत होतं. मी स्वतःला म्हटलं, गवत आहे. पंधरा दिवसांचं वासरू गवत खात नाही हे मला कळत नाही असं थोडंच आहे! खाली उतरवताना त्यानं माझं बोट तोंडात घेतलं. संस्कृतीनं लावलेली सवय. बोट सोडवून घेतलं, गाडीत बसलो. तो गाडीमागं पळत आला. ट्रक जोरात हॉर्न वाजवत गेले. पुन्हा मागं वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं. तेवढं तरी.

संध्याकाळी दारात उभी होती. दप्तर पाठीवर तसंच. "ऋषिराज कुठाय?"

आणि मी सुरूच झालो! गोशाळेत सोडला, म्हणालो. मोठी गोशाळा आहे. हिरवा चारा आहे, डॉक्टर आहेत, वेळेवर दूध मिळतं, पंखे आहेत, खेळायला मित्र आहेत, तिथं कुणी कुणावर ओरडत नाही. पंखे कशाला बोललो कुणास ठाऊक. खोटं बोलताना माणूस किती सढळ होतो!

ती रडली नाही. विचार करून म्हणाली, "मग आपण आधीच का नाही सोडलं?"

खोलीतनं आत्या ऐकत होती. मी आज दारातनं विचारलं नाही, बरं आहे का म्हणून.

२० फेब्रुवारी

पोरीनं शाळेत सांगितलं. मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर टाकलं: "आपल्या संस्कृतीच्या वडिलांनी खोंड रस्त्यावर न सोडता गोशाळेत दिला. सर्व पालकांनी आदर्श घ्यावा." खाली अंगठे, फुलं, हात जोडलेले. पलीकडच्या वस्तीवरच्या रणजितनंही हात जोडले. ती ढाब्यामागची जागा मला त्यानंच सांगितली होती.

जेवण गेलं नाही. मी ग्रुपवर काय लिहिलं? "धन्यवाद मॅडम." हे लिहिताना हात कसा झडला नाही!

२३ फेब्रुवारी

रोज विचारते. आज पंखा लागला असेल का? त्याच्याजवळ कोण झोपतं? त्याला गाडी दिसली की आपण आलो असं वाटत असेल का?



२७ फेब्रुवारी

रेश्मा आज रडली. कंबर धरलीय तिची. रात्रीत दोनदा चादर बदलावी लागली. "मी माणूस हाय का न्हाय? तुमची आत्या हाय ना? एक दिस तरी हात लावलाय का तुमी?" नाही लावला. ती बरोबर बोलली म्हणूनच मी चिडलो.

बारामतीच्या पुढं एक आश्रम आहे म्हणतात. म्हाताऱ्या माणसांचा. फोन करून आलो. रविवारी घेऊन या, म्हणाले. रेश्माला सांगितलं तर म्हणाली, "मी असं म्हणले व्हते का?" पण नकोही म्हणाली नाही.

१ मार्च, शनिवार

आत्याला सांगितलं. खाटेजवळ स्टूल घेऊन बसलो — किती महिन्यांनी बसलो! — आणि सांगत सुटलो. तिथं वेळेवर जेवण आहे, डॉक्टर आहेत, पंखे आहेत, बोलायला चार माणसं आहेत, तिथं कुणी ओरडत नाही.

बोलता बोलता माझेच शब्द माझ्या कानात शिरले. तेच. एकूण एक तेच. थांबलो.

संस्कृती आत्याच्या पायाशी बसून तिच्या वॉकरला रिबीन बांधत होती. तिनं टाळ्याच वाजवल्या! "पप्पा, ऋषिराज गेला तिथंच ना? आत्याआजी, तुझी मज्जा! तो तिथंच आहे!" पळत गेली. बाटली घेऊन आली. आत्याच्या हातात दिली. "उद्या सकाळी भरून देते. त्याला पाज. आधी बोट दे हां, नाहीतर ठसका लागंल."

आत्या माझ्याकडं बघत होती. सगळा जन्म गुरांत गेलेली बाई. खोंड कुठं जातात हे तिला मी सांगायचं?

मग पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवून म्हणाली, "पाजते गं माजी बाय."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. ते एवढंसं घर आणि एवढीशी खोली. उठून गोठ्यात गेलो आणि शेण ओढत बसलो.

२ मार्च, रविवार

सगळं लिहितो. नाहीतर उद्या ह्यातलं थोडं मी माझ्या सोयीनं बदलेन.

सकाळी आत्या आवरून बसली होती. नवं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीवर गरम दुधाची बाटली. पोरगी फाटकापर्यंत हात हलवत आली. रेश्मा बाहेर आली नाही.

डांबरीला लागल्यावर बारामतीकडं वळणार, तेवढ्यात आत्यानं स्टिअरिंगवर हात ठेवला.

"इंदापूरकडं घे."

"आत्या, आश्रम बारामतीच्या—"

"आदी पोरीचं दूध पोचवायचं हाय. मग मला कुठं सोडायचं तितं सोड."

"आत्या, तो तिथं नसणार."

"मला ठावं हाय. मी काय शेरात जल्मले न्हाय. घे गाडी."

घेतली. निमगाव गेलं, इंदापूर गेलं. तिनं एक शब्द काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ढाब्यामागं ऋषिराज नव्हता. दुसरे तीन होते, नवे. आत्या म्हणाली, वॉकर दे. मी म्हटलं, खड्डे आहेत, पडशील. "दे म्हनते ना!" दिला. रिबीन बांधलेला वॉकर घेऊन ती त्या रानात एकेक पाऊल टाकत गेली आणि मी मागं तिची कंबर धरून. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिला हात लावला. वास आला. आला तर आला.

एक बारकं खोंड बसूनच होतं, डोळ्यांवर माश्या. तिनं बोट पुढं केलं. चोखलं त्यानं! मग बाटली. बघता बघता संपवली. रिकामी बाटली ते सोडेना.

तिथं मी रडलो. हायवेच्या कडेला, छत्तीस वर्षांचा बाप्या. आत्या म्हणाली, "तुजी आई दुखण्यात व्हती तवा तूबी असाच. बाटली सोडायचा न्हाईस." पुढं म्हणाली, "आता रडू नगं. उचल त्याला."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. हा पण काळा-पांढराच आहे. वयही तेवढंच. पोरीला सांगू, गोशाळेतनं ऋषिराज परत आणला! आत्याला बोललो. तिनं कपाळाला हात लावला. "आरं, पुन्ना खोटंच? पोरगी वळखंल की."

"सात वर्षांची आहे, आत्या. तिला काय कळतंय!"

घरी रेश्मानं फाटक उघडलं. पुढं आत्या, मागं खोंड. दोघांकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि आत्याची पिशवी उचलून आत नेली. म्हटलं, आश्रमाला नको म्हणून कळवलंय. सकाळचं आत्याचं सगळं उद्यापासून मी करणार. ती म्हणाली, "बघू किती दिस." बरोबर आहे.

संस्कृती पळत आली. खोंडासमोर उभी राहिली. त्याच्या कपाळावरनं बोट फिरवलं. मग त्याच्या गळ्यात पडून ओरडली, "ऋषिराज आला!"

सुटलो.

३ मार्च

आत्याची चादर धुतली. रेश्मा लांबनं बघत होती. पिळताना चुकलो तर हसली.

४ मार्च, मंगळवार

सकाळी धार काढत होतो. गोठ्याच्या आणि खोलीच्या मधे नुसता पत्रा आहे. पलीकडं संस्कृती आत्याशी हळू आवाजात बोलत होती. "आत्याआजी, ऋषिराजच्या कपाळावर बदाम होता. ह्याच्या नाही. आणि वर्गातला ऋषिराज म्हणाला, खोंडांना हायवेवर सोडतात, त्याचे पप्पा पण सोडतात. पण तू आपल्या पप्पांना सांगू नको हां मला कळलंय ते. त्यांनी किती शोधून आणलाय. त्यांना रडू येईल."

आत्या म्हणाली, "न्हाय सांगत."

मग पोरीनं मोठ्यानं हाक मारली, "पप्पा, लवकर या! बघा, ऋषिराज मला ओळखतोय!"

"हो गं," म्हणालो. "ओळखणारच."